के

परवा दुपारी इंदूरच्या रामबागेतल्या घरी बसून पुण्याच्या भाच्याला मी चांगला बारा ओळींचा संदेश लिहिला: शेव लवंगेची हवी की साधी, जीरावन मसाल्याचे पुडे किती बांधू, आणि थंडी पडली आहे तर सराफ्याच्या खाऊगल्लीतला तळलेला गराडू कंद खायला केव्हा येतोस. उत्तरादाखल एकच रोमन अक्षर आले, के. सासूबाईंना दाखवले तेव्हा त्या म्हणाल्या, "अगं, के म्हणजे किलोच असणार. किती किलो ते लिहायला विसरला वाटतं."

त्यांचे अगदीच चुकले नव्हते. हेच अक्षर वजनाच्या हिशेबात किलो होते, पगाराच्या गप्पांत हजार होते आणि रसायनशास्त्राच्या पुस्तकात पोटॅशियम. भाच्याचा के मात्र ओकेचा उरलेला शेपटाकडचा तुकडा होता. मुळात ओकेचा जन्मच थट्टेतला. १८३९ च्या मार्चमध्ये बोस्टनच्या एका वर्तमानपत्राने 'ऑल करेक्ट'चे स्पेलिंग मुद्दाम 'oll korrect' असे चुकवून त्याची आद्याक्षरे छापली, आणि पुढच्या वर्षीच्या अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीत 'ओल्ड किंडरहुक' म्हणवल्या जाणाऱ्या उमेदवार व्हॅन ब्युरेन यांच्या समर्थकांनी ती उचलून धरली. म्हणजे चिरंजीवांनी मला धाडले ते 'बरोबर' या अर्थाच्या शब्दातले नेमके चुकीचे अक्षर.

संक्षेपाशी माझे वैर नाही. आजोबांचे पोस्टकार्ड सा. न. वि. वि. ने सुरू होई, आणि लहानपणी कितीतरी दिवस मला सानविवि ही आपल्या नात्यातली कुणी आजी वाटत असे, जिची खुशाली प्रत्येक पत्रात आधी येते आणि जी घरी मात्र कधीच येत नाही. कार्ड भरले की आजोबा ते आडवे धरून समासात मुंगीएवढ्या अक्षरांत ता. क. लिहीत, आणि खरे पत्र तिथेच असे. वर पाऊसपाणी, प्रकृतिमान, कळावे, लोभ असावा; आणि कडेला, ता. क. मनीऑर्डर केली आहे. आई कार्ड हातात पडताच प्रथम ते फिरवून समास वाचत असे.

भाच्याच्या के ला समासही नव्हता. न राहवून मी पुन्हा लिहिले, "किती?" उत्तर आले, "२".

सासूबाईंनी संध्याकाळी दोन किलो शेव आणवली.