आमची वाटचाल: आधी नान्नज, मग मसाई मारा

आमच्या व्यवसायाची सुरुवात देवदर्शनाच्या गाड्यांनी झाली. माझे सासरे, अण्णा, यांची एक जीप होती. अक्कलकोट, तुळजापूर, गाणगापूर, पंढरपूर, एवढाच त्यांचा टापू. सोलापूर स्टेशनवर उतरलेल्या भाविकांना दर्शन घडवून संध्याकाळच्या गाडीला आणून सोडायचं, यावर घर चालायचं. मी सून म्हणून आले ती प्राणिशास्त्राची पदवी घेऊन, आणि हाती आली हिशेबाची वही. पुढे ह्यांनी टेम्पो ट्रॅव्हलर घेतली, ताडोबाच्या सहली सुरू केल्या आणि काही वर्षांनी आम्ही केनियालाही ग्रुप न्यायला लागलो.

सहली भरत होत्या, पण परतीच्या प्रवासातल्या गप्पा मला खटकायच्या. वाघ दिसला किंवा वाघ हुकला, एवढ्यावर ताडोबा संपायचा. ज्यांच्यामुळे वाघाचा माग लागतो, त्या सांबर-चितळ-वानरांचं नावही निघायचं नाही. चितळ जरा कशाने बिचकलं तरी ओरडतं. सांबर मात्र सहसा उगाच आवाज देत नाही, म्हणून सांबराचा ‘ढाँक’ कानी पडला की गाइड लगेच गाडी थांबवायला लावतो. हे एकदा कळलं की वाघ न दिसलेली सकाळही भरून पावते. प्रवाशांना हे आधीच सांगायला हवं, असं मी घरात धरून बसले. अण्णांना ते लगेच पटलं. देवाला जाताना माहात्म्य सांगतातच की, म्हणाले.

त्यातून ऑफिसच्या वरच्या खोलीत आमचे ओळख-वर्ग सुरू झाले. पडद्यावर चित्रं, आवाज, पावलांचे ठसे. बिबट्या आणि चित्ता यांच्यात प्रत्येक ग्रुपची गल्लत होते, म्हणून सुरुवात तिथूनच. चित्त्याच्या डोळ्यापासून तोंडाकडे काळी रेघ उतरते आणि अंगावरचे ठिपके भरीव असतात. बिबट्याच्या अंगावर ठिपक्यांची फुलं असतात. चित्त्याला डरकाळी फोडता येत नाही, तो पाखरासारखा चिवचिवतो. हे ऐकवलं की खोलीत हमखास हशा पिकतो, आणि मग ते कुणी विसरत नाही.

तरी चित्रावरची ओळख ती चित्रावरचीच. खरी शाळा आम्हाला नान्नजला सापडली. शहरापासून वीसेक किलोमीटरवर, बार्शी रोडला. तिथलं माळढोक पक्ष्याचं अभयारण्य 1979 साली जाहीर झालं. सोलापूरकर आयुष्यभर या रस्त्याने जातात आणि दोन्ही बाजूंच्या माळाला पडीक जमीन म्हणतात. मला याचं फार वाईट वाटतं. केनियातलं मसाई मारा म्हणजे तरी दुसरं काय? गवताळ माळच. तिथे लपायला झाडी कमी, म्हणून कळप करून राहायचं, लांबवर पाहायचं आणि जोरात पळायचं. हेच नियम आमच्या काळविटांना लागू आहेत.

काळविटाचा काळा नर आम्ही निवांत बघायला लावतो, घाई करू देत नाही. मान वर, पिळाची शिंगं पाठीकडे झुकलेली, आपल्या हद्दीत तो अकडून चालत असतो. ठरावीक जागी लेंड्या टाकून त्याने ढीग केलेला असतो. मध्येच थांबतो, मान खाली घालतो आणि डोळ्याजवळच्या ग्रंथीचा स्राव एखाद्या काडीच्या टोकाला हलकेच लावून पुढे जातो. मसाई मारामध्ये थॉमसन गझेल या हरणासारख्या प्राण्याचा नर अगदी हेच करतो. नान्नजला हे पाहून गेलेली आमची मंडळी तिथे ड्रायव्हरच्या आधी ते हेरतात!

काळवीट एवढं सुसाट का पळतं, हा प्रश्न मुलं हमखास विचारतात. लांडग्यासाठी एवढ्या वेगाची गरज नव्हती. आपल्याकडच्या माळांवर पूर्वी चित्ता होता. 1952 साली तो देशातून नामशेष झाल्याचं जाहीर झालं. वेग मात्र काळविटाच्या पायात राहिला. 2022 मध्ये नामिबियाहून चित्ते मध्य प्रदेशातल्या कुनोला आणले, तेव्हा आमच्या वर्गाला बसायला जागा पुरली नव्हती.

लांडगा दिसेलच असं नाही. एकदा एका धनगर म्हातारबांना आमच्यातल्या कुणी विचारलं, लांडग्याचा राग नाही येत का? ते म्हणाले, “नुकसान करतंय की. पर त्योबी ह्याच माळाचा हाय.” नंतर बराच वेळ ते आम्हाला कळपाच्या मागून लांडगा कसा चालतो, एक समोर दिसला तर दुसरा कुठे शोधायचा, हे हाताने दाखवत होते. त्या दिवसापासून, धनगर वाटेत भेटले की आमची गाडी थांबतेच.

तरसाबद्दल मी जरा जास्त बोलते, कारण त्या प्राण्यावर अन्याय झालाय. आपलं पट्टेवालं तरस बहुतेक वेळा मेलेली जनावरं खाऊन माळ साफ ठेवतं. आफ्रिकेतलं ठिपकेवालं तरस मात्र स्वतः उत्तम शिकारी आहे, आणि त्याच्या टोळीत सत्ता मादीची. आमच्या महिला स्पेशल ग्रुपने हे ऐकल्यावर सिंह सोडून तरसाच्या बिळापाशीच गाडी थांबवून घेतली होती.

माळढोक दाखवू, असं आम्ही कुणाला सांगत नाही. मादी उघड्या जमिनीवर एका विणीत सहसा एकच अंडं घालते, आणि डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्याने उडताना समोरच्या विजेच्या तारा तिला नीट दिसत नाहीत. हा पक्षी नान्नजला आता दिसेनासा झालाय, हे निघण्याआधीच स्पष्ट सांगतो. काहीजण तेवढ्यावरून बुकिंग रद्द करतात, चालायचंच. हिवाळ्यात लांडग्यांची पिल्लं होतात तेव्हा बिळाजवळ नेण्यासाठी जास्तीचे पैसे देऊ करणारेही भेटतात. त्यांना आम्ही नकार देतो, कारण माणसांची ये-जा वाढली की मादी पिल्लं उचलून दुसरीकडे नेते, आणि त्यात ती दगावू शकतात.

पावसाळ्यात ताडोबाचा कोअर भाग बंद असतो, गाड्या उभ्या राहतात. कोरोनात तर सगळंच थांबलं होतं, तेव्हा घर पुन्हा अण्णांच्या तीर्थक्षेत्रांनीच सावरलं. आज थोरला मुलगा केनियाची बाजू बघतो, मी वर्ग घेते. यंदापासून ते सगळ्यांना खुले केले आहेत. सहलीला नाव नोंदवलेलं असायलाच हवं असं नाही. वर्ग मराठीत होतो, आणि पूर्व भागातल्या आजी-आजोबांसाठी शेजारच्या काकू तेलुगूत समजावून सांगतात. नातवंडांना जरूर घेऊन या. नान्नजला मात्र पहाटे निघावं लागतं, आणि गाडीत मोठ्याने बोललेलं चालत नाही.