वरून गच्ची, खालून छत

दुपारी जरा डोळा लागला होता, तेवढ्यात डोक्यावर ठोकाठोक सुरू झाली. ठक, ठक, ठक, भद. पुन्हा ठक, ठक, भद. आम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावर राहतो. आमच्या वर शेजार असा फक्त आभाळाचा, आणि आभाळ सहसा हातोडी घेऊन येत नाही. चडफडत जिना चढले.

गच्चीवर एक कारागीर उकिडवा बसून हातोडीच्या दांड्याने एकेक फरशी वाजवून बघत होता. कान फरशीकडे, डोळे भलतीकडेच. ‘ठक’ आलं की पुढे, ‘भद’ आलं की खडूने फुली. खालून सुटलेली फरशी अशी भद वाजते आणि तिच्या पोटात पाणी दडी मारून बसतं, एवढं मला माहीत होतं. तरी विचारलं, “किती निघाल्या हो?”

“मोजू नका, ताई,” तो मान वर न करता म्हणाला.

मोजल्या. एकेचाळीस. पण माझी झोप उडवली ती आकड्याने नाही, खडूने. कारण आमचे बाबाही खडू घेऊन गच्चीवर जायचे.

पाऊस थांबला की बाबांची घालमेल सुरू व्हायची. ओल्या कोब्यावर खडू उमटत नाही, म्हणून आजूबाजूचं वाळायची वाट बघायची, पण डबकं आटायच्या आत त्याला गाठायचं. हा मधला अर्धा तास साधायला ते हातातलं काम टाकून उठत. मग पँट दुमडून, वाकून, प्रत्येक डबक्याच्या कडेकडेने रेघ. दुसऱ्या दिवशी गच्ची कोरडी ठणठणीत, आणि तिच्यावर पांढरे नकाशे. जिथे नकाशा तिथे खोलगट भाग, जिथे खोलगट भाग तिथे पुढेमागे दुरुस्ती, असा त्यांचा हिशेब. आम्हा भावंडांना मात्र ते देश वाटायचे. एक हुबेहूब बुटासारखा होता. पाण्याच्या टाकीजवळचा देश फार माजलेला, दर पावसाळ्यात शेजाऱ्यांचा मुलूख गिळून मोठा व्हायचा. आम्हाला त्याचं कौतुक होतं. बाबांना नव्हतं.

सपाट गच्ची म्हणतात ती सपाट नसतेच, हे मला कळलं ते चेंडूमुळे. गच्चीला ढाळ असतो, मीटरमागे साधारण 1 सेंटिमीटर. डोळ्यांना दिसत नाही, पण पाण्याला कळतो आणि चेंडूला त्याहून चांगला कळतो. कागदी होड्या पाइपात सोडता याव्यात म्हणून तोंडावरची जाळी आम्हीच काढून ठेवली होती. खेळता खेळता चेंडू सुटला आणि जराही घाई न करता थेट त्या तोंडाकडे निघाला. धावले, पण तो पोहोचला होता. आत कुठेतरी, पाइपाच्या वळणावर, ‘टप्’ एवढाच आवाज. मी जाळी गुपचूप जागेवर बसवली आणि खाली येऊन अभ्यासाला बसले. यावरूनच घरच्यांना संशय यायला हवा होता.

दोनच दिवसांनी रात्रभर पाऊस झाला. सकाळी गच्चीचं दार उघडलं तर घोट्याएवढं पाणी, आणि दार उघडल्याबरोबर ते जिन्यावरून आमच्या आधी खाली. पाणी म्हणजे पाणीच, त्याचं काय एवढं, असं वाटतं. पण एका चौरस मीटरवर 10 सेंटिमीटर पाणी म्हणजे 100 लिटर, म्हणजे 100 किलो. गच्ची 100 चौरस मीटरची असेल तर डोक्यावर 10 टन. दोन हत्ती वर उभे आहेत आणि खाली आपण दात घासतोय. बाबा त्या पाण्यात पालथे झोपले होते. गाल पाण्याला टेकलेला, हात खांद्यापर्यंत पाइपात. ते एकेक वस्तू वर काढत होते: कुजलेली पानं, कबुतराची पिसं, प्लॅस्टिकची फाटकी पिशवी. चेंडू काही हाताला लागेना. मी छत्री धरून उभी होते, त्यांच्यावर. माझ्यावर धरली नाही, तेवढीच माझी प्रामाणिकता.

शेवटी लांब काठीने ढोसल्यावर पाइपात काहीतरी घरंगळलं, आणि खाली तळाशी चेंडू तोफेसारखा बाहेर पडला. बाबा खाली जाऊन तो घेऊन आले. दाबून पाहिला, पाणी पिळून काढलं आणि टाकीवर ठेवून दिला. कुणी कुणाला काही विचारलं नाही. तो टाकीवरच उन्हात विटत गेला. पुढे मी त्या गच्चीवर जायचं टाळू लागले.

मला वाटायचं, हे सोपस्कार फक्त आमच्याच घरी. मग कधीतरी तुर्कस्तानातल्या चातालह्युयुकबद्दल वाचलं. सुमारे 9000 वर्षांपूर्वीची वस्ती, घराला घर चिकटलेलं, मधे रस्तेच नाहीत. लोक गच्च्यांवरून ये-जा करत आणि छतातल्या भोकातून शिडीने घरात उतरत. लाकूड, बोरू आणि वरून माती, म्हणजे आपल्या भाषेत धाबंच. आता मातीचं छत म्हणजे लिंपण आलं, डागडुजी आली, आणि रस्ताच जर गच्चीवरून जात असेल तर ‘माझ्या छतावरून कोण नाचत गेलं’ हे भांडण आलंच असणार. याला पुरावा नाही, पण मला खात्री आहे.

आणि तो नामांकित वास्तुविशारद ल कॉर्ब्युझिए! आधुनिक घराची पाच तत्त्वं मांडली त्यांत या गृहस्थाने सपाट छतावरच्या बागेला मानाचं पान दिलं. पॅरिसजवळ प्वासीला त्याने बांधलेला विला साव्हॉय 1931 साली पुरा झाला, आज तो जागतिक वारसा आहे, आणि त्यात राहायला गेलेल्या साव्हॉय बाई वर्षानुवर्षं त्याला पत्रं लिहीत राहिल्या की घरात पाऊस पडतोय. हे वाचून मला फार बरं वाटलं. परदुःख शीतल म्हणतात ते असं.

खरं तर बिचाऱ्या स्लॅबचा दोष नसतो. दिवसभर तापायचं, रात्री निवायचं, आणि तेही आयुष्यभर. 10 मीटर लांबीचं काँक्रीट 40 अंशांच्या फरकाने साधारण 4 मिलिमीटर वाढतं. चार मिलिमीटर म्हणजे काहीच नाही. पण कठडा जागचा हलत नसतो, आणि ही ओढाताण सगळ्यात जास्त होते ती स्लॅब आणि कठडा यांच्या सांध्यात. तिथे केसाएवढी चीर. तिच्यातून पाणी, पाण्यामागून हवा, मग आतल्या सळईला गंज. गंजलेलं लोखंड फुगतं, मूळच्या कितीतरी पट जागा मागतं, आणि मग खालचा गिलावा ढलपी होऊन कुणाच्या तरी उशीवर येतो. तोवर वरच्या चिरेत एखाद्या पक्ष्याच्या कृपेने पिंपळाचं रोप धरलेलं असतं. दोन पानांचं, तांबूस, इतकं गोजिरं की उपटायला हात धजत नाही. मी एकदा उपटलं तर वरचं बोटभर रोप हातात आलं आणि मूळ आतच राहिलं. महिन्याभरात ते पुन्हा हजर, या खेपेला चार पानं घेऊन.

आमच्या झोपायच्या खोलीत कोपऱ्यात असा एक डाग आहे. पिवळ्या कडांचा, मधे फिकट. पडल्या पडल्या त्याच्याकडे बघते, तर तोही देशच. बाबांचे नकाशे वरून होते, हा खालून. कारागिराला खाली आणून दाखवला. म्हटलं, याच्या नेमक्या वर तर तुमची एकही फुली नाही.

“नसणारच,” तो म्हणाला. “पाणी शिरतं एकीकडे, दिसतं दुसरीकडे. मधे कुठून फिरतं ते त्यालाच माहीत.”

सोसायटीच्या सभेचंही तसंच. विषय शिरतो गळतीवर आणि बाहेर पडतो पार्किंगमधून. गच्ची सगळ्यांची, हे सगळ्यांना मान्य असतं. खर्च सगळ्यांचा, म्हटल्यावर तळमजल्याला एकदम आठवतं की आपलं छत तर कोरडं आहे. त्याचंही खरं. तीच एक स्लॅब, पण तिला वरून गच्ची म्हणायचं आणि खालून छत. गच्ची म्हणजे चांदणं, वारा, पतंग. छत म्हणजे बादली कुठे ठेवायची. यावर मला काहीतरी मोठं सुचलं होतं, सभेत बोलायला उठलेही होते, पण तेवढ्यात कुणीतरी लिफ्टचा मुद्दा काढला.

तर आता उद्यापासून फुल्यांच्या फरश्या उखडणार. मग नवा कोबा, नवा ढाळ, आणि शेवटी पाइपांची तोंडं बंद करून गच्चीत मुद्दाम पाणी भरून ठेवायचं, गळतंय का बघायला. पैसे देऊन डोक्यावर तळं. बाबांना फोन करून हे सगळं सांगितलं. त्यांना आता जिना चढवत नाही, पण पाऊस कुठे किती झाला याची खबर माझ्याआधी त्यांना असते. एकेचाळीस फुल्या ऐकून ते जरा खुशीत आल्यासारखे वाटले.

“आणि जाळी? जाळी बघितलीस का?”

“बघितली,” म्हटलं.

फोन ठेवला, चपला घातल्या आणि वर गेले.