सौरव घोषाल: इंचिऑन ते बर्मिंगहॅम

स्क्वॉशपटू सौरव घोषालची कारकीर्द म्हटली की मला पदकांआधी इंचिऑनचा पराभव आठवतो. दक्षिण कोरियातल्या या शहरात झालेल्या २०१४ च्या आशियाई स्पर्धेत एकेरीच्या अंतिम सामन्यात कुवेतच्या अब्दुल्ला अल मुझायेनविरुद्ध पहिले दोन गेम जिंकूनही त्याला रौप्यपदकावर समाधान मानावे लागले. पाठोपाठ पुरुष संघाने सुवर्ण मिळवले, तरी ती सल पुरती गेली नसावी.

कोलकात्यात खेळू लागलेला, चेन्नईच्या अकादमीत घडलेला आणि लीड्स विद्यापीठात शिकत असताना माल्कम विल्स्ट्रॉप यांच्याकडे सराव करणारा हा खेळाडू २०१९ मध्ये जागतिक क्रमवारीत पहिल्या दहांत पोहोचला. तिथवर गेलेला तो पहिला भारतीय पुरुष.

२०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत, वयाच्या ३५ व्या वर्षी, कांस्यपदकाच्या सामन्यात त्याच्यासमोर नेमका माल्कम यांचाच मुलगा, एके काळचा अव्वल क्रमांकाचा जेम्स विल्स्ट्रॉप उभा होता. घोषालने त्याला ११-६, ११-१, ११-४ असे निष्प्रभ केले आणि सामना संपताच त्याला अश्रू आवरले नाहीत. राष्ट्रकुलमधील स्क्वॉश एकेरीचे भारताचे ते पहिलेच पदक होते.

२०२४ मध्ये त्याने व्यावसायिक स्क्वॉशमधून निवृत्ती जाहीर केली. ऑलिंपिकचे दार या खेळासाठी उघडणार आहे ते मात्र २०२८ मध्ये, लॉस एंजेलिसला.