हात धुतल्यावर

रविवारी दुपारी तांबडा-पांढरा पोटात गेला की कोल्हापुरातलं घर बसल्या जागी आडवं होतं. आमचं मंगळवार पेठेतलंही त्यातलंच. दादा तोंडावर पेपर घेऊन, वहिनी चटईवर, आणि आई कॉटवरून दोन घोरण्यांच्या मधे “मी जागी आहे हं” असं बजावत. खरे जागे आम्ही दोघंच, माहेरपणाला आलेली मी आणि माझा भाचा. त्यानं मोबाईल टीव्हीला जोडला.

“आत्ती, एक काटाकिर्र पिक्चर दावतो, ‘पनिशर: वॉर झोन’. पण मधी बोलायचं नाही.”

“नाही बोलत.”

आणि खरंच बोलणार नव्हते. पण पिक्चर सुरू होतो न होतो तोच पडद्यावर एक लांबलचक टेबल आलं. माफियाचा म्हातारा डॉन, त्याचा गोतावळा, ग्लास, काटेचमचे, सगळं कसं साग्रसंगीत. तेवढ्यात दिवे गेले. अंधारात टेबलावर चढलेला एक धिप्पाड माणूस, हातात जळती मशालकांडी, छातीवर कवटी. पुढं त्यानं डॉनचं काय केलं ते लिहीत नाही, कारण हे आई वाचणार आहे. एवढंच सांगते, थोड्या वेळानं तो झुंबराला उलटा लोंबकळून गरागरा फिरत होता, दोन्ही हातांत बंदुका, आणि टेबलाभोवतीची माणसं एकेक करून ताटांवर पडत होती.

“कसं हाय?” भाचा.

“अरे, निदान जेवू तरी द्यायचं त्यांना!”

त्यानं पिक्चर थांबवला आणि माझ्याकडं असं बघितलं की बास.

पण माझा तो जुना आजार आहे. पडद्यावर वाढलेलं ताट दिसलं की माझं कथेवरचं लक्ष उडतं. फोन आला म्हणून पहिला घास खाली ठेवून उठणारा इन्स्पेक्टर, पोराशी वाद झाला म्हणून ताट भिरकावणारा बाप, आणि ते पाठलाग! हिरो कुठल्याही गल्लीत शिरो, टोमॅटोची गाडी तिथं हजर. गाडी उलटते, हिरो पुढं जातो, थिएटर शिट्ट्या मारतं. मी मागं राहते त्या गाडीवाल्यापाशी. किती किलोचं नुकसान, आज उधारी कुणाची फेडायची होती, चेपले गेलेले कुणाला निम्म्या भावात देता येतील. लग्नाआधी मैत्रिणी माझ्याबरोबर पिक्चरला यायला कंटाळायच्या, त्यात त्यांची चूक नव्हती.

हे आलं आजीकडून. तिच्या राज्यात जेवणाऱ्या माणसाला मोठ्यानं हाकही मारायची नाही, मग मारामारी लांबच. पन्हाळ्याच्या बाजूला आमची थोडी जमीन होती, आणि जमीन म्हटली की बांध आलाच. त्या बांधावरून भावकीतल्या एकाशी आजोबांचं पिढीजात वाकडं. एकदा सुट्टीत आम्ही गावी असताना ऐन जेवणाच्या वक्ताला तो माणूस काठी घेऊन दारात उभा राहिला. डोळे लाल, मुंडासं सुटलेलं. आजोबांचा पहिला घास हातात. आम्ही पोरं भिंतीला चिकटलो. आजी चुलीपासून उठलीसुद्धा नाही. म्हणाली, “हातपाय धुऊन घ्या. वाढलंय.”

आणि तो बसला! काठी मात्र सोडली नाही. मांडीखाली दाबून ठेवली, त्यामुळं त्याला जरा कललेलंच बसावं लागलं. डाव्या हाताला काही काम नाही, उजव्यानं भाकरी मोडायची, झुणक्यात दाबायची, वर खर्डा टेकवायचा. समोर आजोबा. दोघं एकमेकांकडं न बघता जेवत होते. मधेच त्याला ठसका लागला, तर आजोबांनी पाण्याचा तांब्या पायानं, हो पायानंच, त्याच्याकडं सरकवला. आजीनं दोघांनाही आग्रहानं ताक वाढलं. मग म्हणाली, “आता हात धुवा, आणि काय ते बाहेर जाऊन बोला.”

बाहेर जाऊन जे काही बोलले ते ऐकायला अर्धी आळी जमली होती. दोघांच्याही सात पिढ्या निघाल्या. पण ते हात धुतल्यावर.

असल्या घरातली पोरगी झुंबराला लटकणाऱ्या माणसाला टाळ्या कशा वाजवणार?

“आत्ती, त्याची स्टोरी तर ऐक,” भाचा म्हणाला. त्याला सगळं पाठ. अभ्यासाचं सोडून सगळंच पाठ असतं. हा फ्रँक कॅसल, म्हणजेच पनिशर. पूर्वी फौजेत. बायकोपोरांना घेऊन बागेत सहलीला गेला होता. तिथं माफियानं केलेला एक खून त्यांच्या नजरेला पडला. साक्षीदार नकोत म्हणून टोळीनं सगळ्यांना गोळ्या घातल्या, हा तेवढा वाचला. तेव्हापासून पोलीस नाही, कोर्ट नाही, हाच पकडणार आणि हाच शिक्षा देणार. कॉमिकमध्ये तो पहिल्यांदा आला १९७४ साली, तेही स्पायडरमॅनच्या अंकात, स्पायडरमॅनलाच मारायला. लेखक जेरी कॉनवेनं त्याच्या छातीवर बारकीशी कवटी काढली होती. चित्रकार जॉन रोमिटानं ती छातीभर केली आणि तिचे दात पार कमरेच्या पट्ट्यावर आणून ठेवले. तीच कवटी भाच्याच्या टी-शर्टवर. आईची त्या टी-शर्टबद्दल एकच अट आहे, अंबाबाईला जाताना घालायचा नाही.

“सहलीला म्हणजे, डबा घेऊन?” मी विचारलं.

“असंल की. पिकनिक म्हटल्यावर.”

म्हणजे यालाही जेवणावरूनच उठवलेलं! आणि २००४ च्या पिक्चरमध्ये तर म्हणे पोर्तो रिकोत त्याचं अख्खं गोत जमलेलं असतं, सगळे एका जागी सापडतात आणि सगळेच जातात. मग मला झुंबराचा तेवढा राग राहिला नाही. पटलं नाही, पण राग राहिला नाही.

कवटीचं म्हणाल तर आमच्या लहानपणी ती वेताळाची, म्हणजे कॉमिकमधल्या फँटमची होती. दादा रद्दीच्या दुकानातून ‘इंद्रजाल कॉमिक्स’ भाड्यानं आणायचा. पहिली आणि शेवटची पानं बहुधा गायब, त्यामुळं वेताळ संकटात कसा सापडला आणि त्यातून सुटला का, हे दोन्ही आम्हीच ठरवायचं. वेताळ बंदूक बाळगायचा, पण नेम धरायचा तो समोरच्याच्या हातातल्या बंदुकीवर. बाकी कामाला ठोसा. अंगठीतली कवटी गुंडाच्या जबड्यावर उमटायची आणि जन्मभर पुसायची नाही. एवढी शिक्षा आम्हाला पुरेशी वाटायची.

दादानं ती अंगठी बटाट्याची केली. अर्धा बटाटा, त्यात चाकूच्या टोकानं कोरलेले दोन डोळे आणि चार दात, वर दौतीतली निळी शाई. आधी माझ्या गालावर प्रयोग झाला, मग शेजारच्या दोघांच्या. मग गुंड संपले. आजोबा दुपारी झोपले होते. दादानं फार हलक्या हातानं, जवळजवळ प्रेमानंच, त्यांच्या जबड्यावर ठसा उठवला. चार वाजता आजोबा उठले, चहा घेतला, फेटा बांधला आणि तालमीकडं गेले. वाटेत त्यांना कुणी काही बोललं नाही. जुन्या पैलवानाला कोण विचारणार, गालावर कवटी का म्हणून? संध्याकाळी घरी आले तेव्हा त्यांना कळलेलं होतं. पुढचं दादाला विचारा. आता तोंडावर पेपर आहे, पण ऐकतोय सगळं.

मधे वहिनीनं एक डोळा उघडला आणि म्हणाली, “अगं बाई, हा तर आरआरआरमधला गव्हर्नर!” बरोबर होतं तिचं. फ्रँक झालेला नट तोच, रे स्टीव्हन्सन. गंमत बघा, २०२२ च्या त्या पिक्चरमध्ये तो शिपायाला समजावतो की गोळी विलायतेत बनते, साता समुद्रांपलीकडून इथं येते, तिची किंमत काय, ती असल्या लोकांवर वाया घालवायची नाही. आणि इथं, चौदा वर्षं आधी, नळ उघडा राहावा तशा गोळ्या. २०२३ मध्ये तो गेला. वहिनीला ते माहीत नव्हतं. “बिचारा,” म्हणून तिनं पुन्हा डोळा मिटला. त्या पिक्चरमधल्या छोट्या मल्लीला पळवून नेल्याचं पाप तिनं तेवढ्यात माफ करून टाकलं होतं.

हा रक्ताचा सडा काढलाय एका बाईनं. लेक्सी अलेक्झांडर, मूळची जर्मनीची, तरुणपणी कराटे आणि किकबॉक्सिंगची जगज्जेती. भाच्याला वाटलं मला धक्का बसेल. मर्दानी खेळात दांडपट्टा फिरवणाऱ्या पोरी बघत मोठी झालेय मी, मला कशाला धक्का बसतोय! उलट मग मला तिची एक गोष्ट दिसायला लागली. तिला मारामारी लपवायची नसते. तोंडाच्या देखणेपणावर मरणारा एक गुंड काचा चुरडायच्या यंत्रात सापडतो, तर ती आपल्याला ते यंत्रही दाखवते आणि नंतर टाके घातलेलं तोंडही. तो आरसे फोडत सुटतो.

आणि तसं बघितलं तर कोल्हापूरला यात नवीन ते काय? खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ आहे, त्याच्या शेजारून आपण रोज जातो. बाबूराव पेंटरांनी महाराष्ट्र फिल्म कंपनीचा पहिला पिक्चर काढला ‘सैरंध्री’, १९२० साली. विषय कीचकवध. भीमानं कीचकाला मारलेलं दृश्य इतकं अंगावर आलं की सेन्सॉरनं ते कापायला लावलं. आता बघा, वेश बदलून राहिलेला माणूस, दाद मागायला दरबार असून उपयोग नाही, कारण कीचक राजाचा मेहुणा. द्रौपदी रात्री कुणाकडं जाते? मुदपाकखान्यात. भीम तिथं बल्लव होऊन आचाऱ्याचं काम करतोय. मग अंधारी नृत्यशाळा, आणि कीचकाचा गोळा. त्याचे एकशे पाच भाऊ सूड घ्यायला आले, तेही गेले. टोळीच की ती. फक्त भीमानं कुणाला पंगतीत मारलं नाही. दिवसा वाढलं, रात्री मारलं. स्वयंपाक्याला जेवणाची किंमत कळते, असा काहीतरी सिद्धान्त माझ्या डोक्यात आकार घेत होता, तेवढ्यात आई म्हणाली, “मी जागी आहे,” आणि तो गेला तो गेलाच.

पिक्चरमध्ये पुढं एक वेगळंच होतं. फ्रँकनं मारलेल्यांत एक जण गुंड निघत नाही. टोळीत शिरलेला एफबीआयचा, म्हणजे सरकारचाच माणूस असतो तो. मागं बायको, लहान मुलगी. फ्रँक पहिल्यांदा हबकतो. हे सगळं सोडून द्यायचं म्हणतो, आणि पैसे घेऊन त्या बाईकडं जातो.

“हे जरा बोअर आहे. पुढं ढकलू?” भाच्यानं विचारलं.

“राहू दे.”

मी त्या पैशांकडं बघत होते. आपल्याकडं ज्या घरात माणूस गेलंय तिथं चूल पेटत नाही. शेजारची, भावकीतली माणसं कडू घास घेऊन जातात, भाकरी, पिठलं, नाहीतर नुसता भात-आमटी. गेलेल्याशी कितीही वाकडं असू दे. फ्रँक पैसे घेऊन गेला, कारण भाकरी थापून द्यायला त्याच्या घरात होतं कोण? त्याचं सगळं घर बागेत गेलं, तेव्हा त्याच्या दारात तरी कुणी काही आणलं असेल का, हे तीनपैकी एकाही पिक्चरमध्ये दाखवलेलं नाही, असं भाचा म्हणतो.

आजोबा गेले तेव्हा कडू घासाची पहिली पाटी आली ती बांधावरच्या त्या माणसाच्या घरून. तो स्वतःच घेऊन आला होता. काठी होती, पण आता टेकायला. आजीनं पाटी उतरवून घेतली, झाकण काढून बघितलं आणि विचारलं, “तुम्ही जेवलाय का?” तो नाही म्हणाला. मग तोही बसला आमच्याबरोबर.

जमिनीचा दावा त्यानंतरही कोर्टात चालूच होता. पुढं आमच्या विरुद्ध लागला.