कणकुंबीचा पाऊस आणि पानभर अळंबी

काल जांबोटीमार्गे बेळगाव जिल्ह्यातल्या कणकुंबीला गेलो आणि दिवसभर पावसाने छत्री मिटू दिली नाही. माउली मंदिराजवळ मलप्रभेच्या उगमापाशी उभे राहिल्यावर दरवेळी नवल वाटते, कारण ही नदी इथून पूर्वेकडे जाऊन कुडलसंगमला कृष्णेला मिळते, तर याच खानापूर तालुक्याच्या रानात उगम पावलेली म्हादई पश्चिमेची वाट धरून गोव्यात उतरते. पलीकडचे भीमगड २०११ साली अभयारण्य झाले. तिथल्या बारापेडे गुहांत जगात फार थोड्या ठिकाणी आढळणारे रॉटनचे वटवाघूळ राहते. ते पाहण्याचा हट्ट मी धरला नाही, आणि कुणी धरूही नये.

दुपारी ओळखीच्या मामींकडे जेवलो. पहाटे वारुळावरून खुडून आणलेली अळंबी त्यांनी सुपात पसरली होती. प्रत्येक देठाच्या टोकाला चिकटलेली तांबडी माती त्या नखाने खरवडत आणि छत्री हाताने फाडत, सुरी लावत नव्हत्या. मग कांदा, ओले खोबरे, थोडे तिखट आणि दोन आमसुले, एवढ्यातच कालवण झाले. सोबत चुलीवरची नाचणीची भाकरी होती. बेळगावच्या बाजारात अळंबी मिळते, पण तिथे पोहोचेपर्यंत तिचा मातीचा वास निम्मा उडालेला असतो.

"सगळी काढायची नाहीत रे, चार तिथेच ठेवायची," असे सांगत मामींनी उरलेली अळंबी सागाच्या पानात बांधून दिली. परतताना काचा बंद असल्याने चोर्ल्याच्या रस्त्यावर गाडीभर तोच वास होता.