इत्ते किमासु म्हणजे ‘जाऊन येते’

जुलैच्या परीक्षेत मला एकूण ९७ गुण मिळाले. जपानी भाषेच्या जेएलपीटी परीक्षेत एन४ पातळीला १८० पैकी ९० पुरतात, तरी मी नापास होते. श्रवणाच्या भागात ६० पैकी निदान १९ लागतात आणि मला १७ होते. वाचता येत होतं, व्याकरणही बऱ्यापैकी जमत होतं. कानावर पडलेलं मात्र कळत नव्हतं, कारण वर्षभर मी जपानी शिकले ती जवळजवळ सगळी डोळ्यांनी, फोनच्या पडद्यावर.

माझं ॲप इंग्रजीतून शिकवायचं. इंग्रजी वाक्य वर, खाली जपानी शब्द विखुरलेले, ते ओळीत लावायचे. त्यामुळे प्रत्येक वाक्यासाठी डोक्यात आधी इंग्रजी, मग जपानी अशी ये-जा चालायची. घरातून निघताना म्हणायचं ‘इत्ते किमासु’ मी अर्थ न सोडवता तसंच पाठ केलं होतं. निकालानंतर मी एका जपानी बाईंकडे व्हिडिओ कॉलवर शिकवणी लावली. दुसऱ्याच तासाला सेन्सेईंनी, म्हणजे या शिक्षिकाबाईंनी, त्या दोन शब्दांची फोड केली. इत्ते म्हणजे जाऊन, किमासु म्हणजे येते. जाऊन येते! आपण ‘जाते’ म्हणायचं टाळून उंबरठ्यावर जे म्हणतो, अगदी तेच.

त्या दिवशी मी वहीत अशा जोड्या लिहायला बसले. ‘योन्दे मिरु’: योन्दे म्हणजे वाचून आणि मिरु म्हणजे पाहणे. करून बघण्यासाठी आपणही ‘पाहणे’च वापरतो. ‘ताबेते शिमात्ता’ म्हणजे खाऊन टाकलं. यातल्या शिमाउ या क्रियापदाचा मूळ अर्थ आवरून ठेवणं, आणि आपण तिथे ‘टाकणे’ वापरतो. क्रियापद शेवटी, विभक्तीसारखे प्रत्यय नामामागून. इतकी जवळची वाट सोडून मी वर्षभर लांबचा वळसा घेतला, याचं मला मनापासून वाईट वाटलं.

मग आंकी या उजळणीच्या ॲपमधले प्रश्नोत्तरांच्या तयार पत्त्यांचे सगळे संच काढून टाकले. ‘आंकी’ हा जपानी शब्दच आहे, अर्थ पाठांतर. विसरायच्या बेतात असलेला शब्द नेमका तेव्हा पुढे आणायचा, हे त्याचं तत्त्व. काळानुसार आपण कसं विसरत जातो याची मोजमापं हेर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ साली स्वतःवरच्या प्रयोगांतून मांडली होती, त्या कल्पनेचा हा धागा. नवे पत्ते मी स्वतः केले. एका बाजूला सेन्सेईंच्या आवाजातलं आख्खं वाक्य, अक्षर एकही नाही. दुसऱ्या बाजूला मराठी. आंकी आपणहून रोज २० नवे पत्ते देतं. मी ते सातावर आणले, कारण चार दिवस चुकले की उजळणीचा ढीग साचतो आणि मग ॲप उघडायचीच भीती वाटते.

खरी अडचण ऱ्हस्व-दीर्घाची होती. ‘युकी’ म्हणजे बर्फ, ‘यूऽकी’ म्हणजे धैर्य. ‘ओबासान’ म्हणजे काकू-मावशी, ‘ओबाऽसान’ म्हणजे आजी. आपण दिन आणि दीन वेगळे लिहितो खरे, पण रोजच्या बोलण्यात इ-ई, उ-ऊच्या लांबीवर अर्थ क्वचितच अडतो, त्यामुळे कान तयारच होत नाही. फोनचा कीबोर्ड जपानीवर ठेवून मी बोलून टाइप करून पाहिलं. धैर्य म्हटलं की पडद्यावर बर्फ यायचं. दहा वेळा म्हटलं, सात वेळा बर्फ.

सेन्सेईंनी ‘प्रात’ हे मोफत सॉफ्टवेअर सुचवलं. ॲमस्टरडॅम विद्यापीठातल्या दोन ध्वनिशास्त्रज्ञांनी बनवलेलं हे साधन आवाजाची आकृती काढतं आणि निवडलेला तुकडा किती वेळाचा आहे ते दाखवतं. माझे दोन्ही शब्द एकाखाली एक ठेवले. उकाराची लांबी जवळपास सारखीच! सेन्सेईंच्या आवाजात दुसरा उकार पहिल्याच्या दुपटीहून मोठा. महिनोन् महिने जे ऐकू आलं नव्हतं, ते असं डोळ्यांसमोर आलं.

आणि मग शाळेतलं वृत्त आठवलं. जपानी लोक शब्द ज्या ठोक्यांनी मोजतात त्यांना ते ‘हाकु’ म्हणतात. त्या म्हणजे आपल्या मात्राच. लघूची एक, गुरूच्या दोन, जोडाक्षराच्या आधीचं अक्षर गुरू. ‘गाक्कोऽ’ म्हणजे शाळा: आपल्या हिशेबाने २ अधिक २, चार, त्यांच्याकडेही चारच. फक्त ए आणि ओ आपल्याकडे कायम गुरू, तिथे मात्र लघूही असतात. तेवढं वेगळं घोटावं लागलं. टेबलावर बोटाने ठोके देत मी रोज एका मिनिटाचं रेकॉर्डिंग पाठवायचे. सेन्सेई चुकलेल्या जागी थांबून तो शब्द स्वतःच्या आवाजात परत पाठवायच्या. अशी नव्वदच्या वर रेकॉर्डिंगं माझ्या फोनमध्ये आहेत, आणि पहिलं आजही मी पुसलेलं नाही.

यंत्राने चूक दाखवली, पण ‘आज आवाज थकलाय, उद्या करा’ हे सेन्सेईंनीच सांगितलं. तसंही जेएलपीटीत बोलण्याची परीक्षा नसते, त्यामुळे बरेच जण बोलणं मागे ठेवतात. माझा कान मात्र बोलण्यानेच सुधारला, म्हणून ते मागे ठेवू नका असं मी आवर्जून सांगते.

डिसेंबरमध्ये श्रवणात ३८ गुण मिळाले. परीक्षेच्या सकाळी बूट घालता घालता मी सेन्सेईंना दोनच शब्द पाठवले होते: इत्ते किमासु. फाटक ओलांडायच्या आत उत्तर आलं. इत्तेराश्शाई. जाऊन या.