आमची वाटचाल : बॅटरीपासून डिकीपर्यंत

तुर्भ्याला कार ऑडिओचं दुकान थाटलं तेव्हा मावसभाऊ भागीदार होता. तो गिऱ्हाईक सांभाळायचा, मी डॅशबोर्डखाली डोकं घालून असायचो. धंदा वाढला, शेजारचा गाळाही घेतला. असो.

मग समोर नवं दुकान आलं. निम्म्या भावात वायरिंग! वायर दिसायला जाडजूड, लालभडक. कापून बघा, वरचं प्लास्टिकच जास्त, आत ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. तेवढ्याच जाडीच्या शुद्ध तांब्याच्या जेमतेम दोन तृतीयांश करंट पेलणार. १००० वॅट आरएमएसचा (म्हणजे सलग देता येणाऱ्या ताकदीचा) क्लास-डी ॲम्प, म्हणजे कमी वीज वाया घालवणारा ॲम्प्लिफायर, पूर्ण जोरात ९० अँपिअरच्या आसपास ओढतो. पण गिऱ्हाईक म्हणणार, "वायर ती वायर!"

एक दिवस आमच्या जुन्या गिऱ्हाइकाच्या गाडीतून धूर निघाला. समोरच्याने मोठा ॲम्प बसवताना आमची वायर काढून स्वतःची ओढली होती. फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) भोकात ग्रोमेट, म्हणजे रबरी कडं नाही, आणि फ्यूज कुठे, तर डिकीत ॲम्पशेजारी! पत्र्याने इन्सुलेशन कापलं, झालं शॉर्ट. अहो, मेन फ्यूज वायर वाचवायला असतो, तो बॅटरीपासून दीड फुटाच्या आतच हवा. पण काचेवर स्टिकर आमचा, त्यामुळे बोभाटाही आमचाच. ती दिवाळी माश्या मारण्यात गेली. भाडं थकलं, शेजारचा गाळा सोडला, मावसभावानेही अंग काढून घेतलं. समोरच्याने आजवर एका शब्दाने खुलासा केलेला नाही.

तशात मसाला मार्केटमधले एक शेठ आले. दुकानाचं पहिलं गिऱ्हाईक. ॲक्सिलरेटर दाबला की स्पीकरमधून शिट्टी यायची. दोघातिघांनी त्यांना नवा ॲम्प घ्यायला सांगितलं होतं. मी गालिचा उचलला. डेंटिंगवाल्याने सीट काढताना आमचा अर्थ (ॲम्पचा मायनस गाडीच्या पत्र्याला जोडणारी वायर) उपटून सीटबेल्टच्या बोल्टखाली, रंगावरच कोंबलेला! गाणं जोरात लावून ॲम्पचा मायनस ते बॅटरीचा मायनस मीटर धरला : ०.८ व्होल्ट, म्हणजे अर्थ कच्चा. पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, हायड्रॉलिक क्रिंपरने वायरच्या टोकाला नवा लग (बोल्टसाठीची कडी) दाबला (हा क्रिंपर मी पोऱ्यांच्या हातात देत नाही), स्टार वॉशर घालून वेगळ्या बोल्टने आवळला. वरून रंगाचा हात मारला, कारण खाडीची हवा उघडा पत्रा सोडत नाही. मीटर ०.१ वर, शिट्टी बंद. शेठनी आख्ख्या गल्लीच्या गाड्या पाठवल्या, त्यावर दुकान तरलं.

आता विषय निघालाच आहे तर सांगतो. काम सुरू करण्याआधी बॅटरीचा मायनस सोडवा. अर्थची वायर पॉझिटिव्हच्याच गेजची (जाडीची), लांबी अर्ध्या मीटरच्या आत. आरसीए (स्टिरिओपासून ॲम्पपर्यंत आवाजाचा सिग्नल नेणारी केबल) गाडीच्या एका बाजूने, पॉवर केबल दुसऱ्या बाजूने. सीटबेल्टच्या बोल्टला कधीही हात लावू नका, त्यावर जीव टांगलेला असतो. आणि गेन (ॲम्पवरचं, ॲम्प स्टिरिओच्या सिग्नलशी जुळवायचं बटण) म्हणजे व्हॉल्यूम नव्हे. हे शेवटचं मात्र शेठना अजून पटलेलं नाही, दर सर्व्हिसला गेन वाढवून मागतात.